अनेक हातांचे दफ्तर

डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचा संकल्प केला तेव्हा त्यांच्या पाठीशी राजाश्रय नव्हता, विद्यापीठाचे बळ नव्हते, आणि एवढ्या व्याप्तीचा ग्रंथ मराठीत सिद्धीस गेल्याचा दाखलाही नव्हता. तरीही मर्यादित जबाबदारीची मंडळी स्थापून, तिचे भाग विकून त्यांनी भांडवल जमविले, नागपुरास आरंभिलेले काम पुढे पुण्यास नेले, आणि विसाव्या शतकाचे तिसरे दशक सरण्यापूर्वी २३ खंड वाचकांच्या हाती दिले. त्या कचेरीत तयार झालेल्या माणसांपैकी यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांनी पुढे महाराष्ट्र शब्दकोशाचे प्रचंड काम अंगावर घेतले व पार पाडले. म्हणजे अनेकांनी एकत्र बसून एक कृती घडवावी, आणि त्या घडविण्यातूनच नवे कर्ते निपजावेत, ही गोष्ट संगणक येण्याच्या कितीतरी आधी महाराष्ट्राच्या अनुभवात जमा झालेली आहे.

आज जे बदलले आहे ते प्रवेशाच्या अधिकारासंबंधी आहे. केतकरांच्या कचेरीत काय, किंवा तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी वाईस उभारलेल्या मराठी विश्वकोशाच्या कार्यालयात काय, लेखक कोण, विषय कोणता, मुदत किती आणि मंजुरी कोणाची, हे सारे आधी ठरत असे आणि मगच लेखणी कागदाला लागत असे. या पद्धतीने विश्वकोशाला जो भारदस्तपणा दिला त्याविषयी माझ्या मनात नितांत आदर आहे; परंतु या पद्धतीचा काळही विसरता येत नाही. विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला आणि विसावा २०१५ साली; पहिला छापला गेला तेव्हा सोव्हिएत संघ ही महासत्ता होती, आणि विसावा आला तेव्हा ती लयाला जाऊन २४ वर्षे लोटली होती.

हाच पेच अमेरिकेत २००० साली जिमी वेल्स आणि लॅरी सँगर यांच्यापुढे उभा राहिला. त्यांनी योजलेल्या ‘न्यूपीडिया’ या कोशात प्रत्येक लेख सात पायऱ्यांच्या तपासणीतून जात असे, आणि पहिल्या वर्षात मंजूर झालेल्या लेखांची संख्या दोन डझनांपर्यंतही पोचली नाही. तेव्हा या कोशाला कच्चे मसुदे मिळत राहावेत एवढ्याच हेतूने, वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ साली सिद्ध केलेल्या ‘विकी’ या रचनेचा, म्हणजे वाचणाऱ्यालाच पान दुरुस्त करता येईल अशा व्यवस्थेचा आश्रय घेण्यात आला, आणि १५ जानेवारी २००१ रोजी विकिपीडियाचा आरंभ झाला. वर्ष संपण्यापूर्वी तेथे हजारो लेख जमले, आणि ज्या मूळ कोशासाठी ही उपशाखा काढली होती तो २००३ साली बंद पडला.

या हकीकतीवरून अनेकांनी असा निष्कर्ष काढला की, आता संपादकाची, अधिकाऱ्याची, किंबहुना कोणत्याही नेतृत्वाची गरज संपली. हा निष्कर्ष मला सर्वस्वी चुकीचा वाटतो. तपासणी नाहीशी झाली नाही. ती प्रकाशनाच्या आधी होती ती नंतर आली, आणि निवडलेल्या थोड्यांकडे होती ती जो जो वाचील त्या प्रत्येकाकडे आली. विकिपीडियाच्या प्रत्येक पानामागे ‘इतिहास’ नावाचे दुसरे पान असते. कोणत्या सदस्याने, कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणते वाक्य घातले किंवा काढले, याची नोंद त्यावर राहते, आणि बदलाचे कारण दोन शब्दांत लिहिण्याची सोयही तेथेच असते. मतभेद झाला तर चर्चापानावर बोलावे, सर्वांशी संबंधित प्रश्न ‘चावडी’वर मांडावा, आधाराविना केलेल्या विधानापुढे ‘संदर्भ हवा’ असा शेरा मारावा, नवशिक्याने ‘धूळपाटी’वर हात बसवावा, आणि यांत्रिक स्वरूपाची दुरुस्ती ‘सांगकाम्या’ या स्वयंचलित प्रोग्रामकडे सोपवावी, अशी ही सारी घडी मराठी विकिपीडियावर निष्ठेने बसविली गेली आहे.

ही घडी ढिली पडते तेव्हा काय अनर्थ होतो, याचेही उदाहरण याच कोशाने दिले आहे. २००५ साली जॉन सायगेनथालर या ज्येष्ठ अमेरिकन पत्रकारावर केनेडी बंधूंच्या हत्येत हात असल्याचा निराधार आळ घेणारा मजकूर इंग्रजी विकिपीडियावर चार महिने तसाच राहिला, कारण तो खरा आहे की नाही हे कोणी तपासलेच नाही. ‘सर्वांची नजर आहे’ या समजुतीत कोणाचीच नजर नव्हती. त्यानंतर नोंदणी न केलेल्या व्यक्तीस तेथे नवा लेख निर्माण करण्याची मुभा उरली नाही.

मला जे आग्रहाने सांगावयाचे आहे ते येथून पुढे येते. आमच्या कचेऱ्यांनी, शाळांनी, सहकारी संस्थांनी आणि साहित्य मंडळांनी नव्या काळाचे म्हणून जे साधन उचलले ते बहुतांशी व्हॉट्सॲपच्या गटाचे आहे. मुख्याध्यापकांना तातडीची माहिती मागविणारा हुकूम रात्री गटावर येतो, त्याखाली दहा जण ‘होय सर’ लिहितात, दुसऱ्या दिवशी त्यावर शुभेच्छांचा थर चढतो, आणि महिन्याभराने तो हुकूम कोणी, कोणत्या अधिकाराने आणि कोणत्या कारणासाठी दिला होता हे शोधू गेल्यास दूरध्वनी बदललेल्या माणसाजवळ त्याचा मागमूसही नसतो. गटात माणसे एकत्र आली एवढ्यावरून तेथे सहकार्य झाले असे म्हणता येत नाही. आज्ञा देणारा पूर्वीसारखाच वर राहिला, ऐकणारा पूर्वीसारखाच खाली राहिला, फक्त कामाची वेळ आणि घरची वेळ यांमधील सीमा तेवढी पुसली गेली.

याउलट आवक-जावक नोंदवही, टिपणी, शेरा, सही आणि तारीख यांनी बांधलेले जुने दफ्तर, त्याचा विलंब आणि त्याचा कोरडेपणा जमेस धरूनही, एका बाबतीत न्यायी होते: ज्याने निर्णय केला त्याचे नाव त्या कागदावर राहत असे, आणि ज्याने विरोध केला त्याचेही राहत असे. विकिपीडियाच्या इतिहासपानावर मला त्या दफ्तराचाच उत्तम गुण दिसतो, आणि तोही असा की कनिष्ठ कारकुनापासून सामान्य नागरिकापर्यंत प्रत्येकास ते दफ्तर उघडून पाहता यावे. सहकार्याच्या साधनांतून आम्ही वेग घेतला आणि नोंद टाकून दिली, ही आमची निवड घातक आहे असे माझे स्पष्ट मत आहे.

नेतृत्वाचा विचारही याच कसोटीवर करावा लागतो. हेलसिंकी येथील विद्यार्थी लिनस टॉरवाल्ड्स याने १९९१ साली लिनक्स या संगणकप्रणालीचे बीज लोकांपुढे ठेवले आणि जगभरच्या प्रोग्रामरांनी ते वाढविले. कोणता बदल स्वीकारावा आणि कोणता परतवावा याचा अखेरचा निर्णय मात्र त्याच्याकडे राहिला. हा अधिकार पगाराच्या किंवा शिक्षेच्या बळावर टिकणारा नव्हता, कारण ज्याला तो मान्य नाही त्याला सारा मजकूर उचलून आपला वेगळा संसार थाटण्याची पूर्ण मोकळीक होती. अशा अधिकाऱ्याची भाषा हीसुद्धा कारभाराचाच भाग ठरते. आपल्या कठोर आणि अपमानकारक पत्रांबद्दल टॉरवाल्ड्सने २०१८ साली जाहीर क्षमा मागितली व काही काळ काम बाजूस ठेवले, ही घटना मी नेतृत्वाच्या इतिहासात महत्त्वाची मानतो. जेथे सहकारी सोडून जाऊ शकतो तेथे पुढाऱ्याला कारण द्यावे लागते, ऐकावे लागते आणि स्वभावही आवरावा लागतो.

सृजनाच्या बाबतीत मात्र माझा उत्साह इतका निःशंक नाही. अनेक हातांतून फिरलेले गद्य अचूक होते, परंतु त्याचा स्वर हरपतो; प्रत्येक दुरुस्ती एखादे टोक घासते, आणि शेवटी जे उरते त्यावर कोणाचाच आक्षेप नसतो आणि कोणाचेच प्रेमही नसते. केतकरांनी ज्ञानकोशाच्या आरंभी ‘हिंदुस्थान आणि जग’, ‘वेदविद्या’, ‘बुद्धपूर्व जग’, ‘बुद्धोत्तर जग’ आणि ‘विज्ञानेतिहास’ असे पाच प्रस्तावनाखंड घातले. कोशाने तटस्थ असावे या नियमाने पाहिले तर ते अनाठायी ठरतील. पण एका प्रखर बुद्धीने साऱ्या मानवी इतिहासाकडे मराठीतून पाहण्याचे जे धाडस केले ते त्या खंडांत आहे, आणि कोणत्याही चर्चापानावर, कितीही सज्जन एकत्र आले तरी, ते निर्माण होणार नाही. म्हणून सामुदायिक लेखनाने माहितीचा भार वाहावा, आणि त्या भारातून मोकळा झालेला लेखक आपल्या एकट्याच्या दृष्टीने लिहीत राहावा, ही वाटणी मला इष्ट वाटते. यंत्रेच आता सफाईदार मराठी वाक्ये जुळवू लागली असल्यामुळे तर ही वाटणी अधिकच निकडीची झाली आहे, कारण वाक्य जुळणे सोपे झाले आणि ते खरे आहे की नाही हे पाहणारा माणूस दुर्मिळ झाला.

मराठी विश्वकोशाचे खंड आज महाजालावर वाचावयास खुले आहेत, आणि त्यांतील नोंदी अद्ययावत ठेवण्यासाठी विषयवार ज्ञानमंडळांची योजनाही झाली आहे. मराठी विकिपीडिया तर १ मे २००३ पासून प्रत्येकासाठी उघडा आहे. विद्यापीठांनी या दोन्ही ठिकाणी केलेल्या कामास अध्यापकांच्या कार्यात रीतसर जमा धरावे, आणि शासनाने कोणताही हुकूम गटावर धाडण्यापूर्वी तो नोंदीस घालण्याचा नियम करावा. ज्यांची सेवानिवृत्ती झाली आहे आणि ज्यांच्याजवळ एखाद्या तालुक्याचे, धंद्याचे वा शास्त्राचे खात्रीचे ज्ञान आहे, त्यांना माझी विनंती आहे की, त्यांनी आपल्या विषयाचा लेख उघडावा, ‘संदर्भ हवा’ असा शेरा जेथे जेथे दिसेल तेथे ग्रंथाचे नाव आणि पृष्ठांक घालावा, आणि त्याखाली आपल्या नावाची नोंद राहू द्यावी.