'हरवलेल्या' नद्या हरवल्या कशा?

शहराखाली गाडलेल्या नद्यांच्या खुणा टिपण्याचा छंद अलीकडे बराच प्रतिष्ठित झाला आहे. कृष्णधवल चौकट, ओल धरलेली भिंत, गटाराची लोखंडी जाळी, आणि खाली ओळ : 'हरवलेली नदी'. आमचा आक्षेप आहे तो या ओळीला.

'नदी हरवली' या वाक्यात कर्ता नदीच. जत्रेत पोर चुकावे तशी ती आपली आपणच कुठे तरी गेली! 'नदी बुजवली' म्हणा, की लगेच 'कोणी?' हा प्रश्न उभा राहतो. व्याकरण शिकविणाऱ्या आम्हां मंडळींना तरी हा फरक खटकायला हवा.

लंडनची फ्लीट घ्या. हॅम्पस्टेडच्या उंचवट्यावरून येणारी ही नदी शहराच्या घाणीने नासली, आणि अठराव्या शतकात टप्प्याटप्प्याने तिच्यावर कमानी घालून वर बाजार आणि रस्ते आणले गेले. क्लार्कनवेलच्या रे स्ट्रीटवरील जाळीपाशी आजही तिचा आवाज ऐकू येतो. स्लोन स्क्वेअर स्थानकात तर वेस्टबर्न नदी रुळांवरून लोखंडी नळातून नेली आहे. त्या नळाचे छायाचित्र आम्हांला मोलाचे वाटते. नदीचे काय केले गेले, ते त्यात उघड दिसते. हळहळीला तिथे जागाच नाही.

पुण्यात मात्र हळहळच फार. आंबिल ओढा नानासाहेब पेशव्यांच्या काळात पर्वतीपायथ्याशी अडवला गेला, त्याचा प्रवाह वळवला गेला. तळ्याच्या जागी आज सारसबाग आहे. जुन्या पात्राचा माग काढीत पेठांतून कॅमेरे हिंडतात. पण वळवलेला ओढा वाहतोच आहे. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री तो अरण्येश्वर, सहकारनगर भागांत घरांत शिरला, भिंत कोसळली, माणसे दगावली. २४ जून २०२१ रोजी, ऐन पावसाळ्यात, दांडेकर पुलाजवळ ओढ्याकाठची घरे पाडली जाऊ लागली. न्यायालयाच्या आदेशाने ती कारवाई थांबली. नदीच्या स्मृतीने व्याकूळ होणाऱ्या चौकटींत ही घरे का नसतात? माणूस आला की चित्राची उदासी भंगते, हे तर कारण नव्हे?

अशी काही छायाचित्रे आम्ही वर्गात दाखविली, तेव्हा ओढ्याकाठी राहणारा एक विद्यार्थी म्हणाला, "सर, हरवलाय कुठे? पाऊस लागला की आम्ही रात्री उठून त्याचंच पाणी बघतो." त्याच्या घराच्या भिंतीवर २०१९च्या पाण्याची रेघ अजून आहे. ती आम्हांला आजवर एकाही प्रदर्शनात दिसलेली नाही.