काळ्या मोटारीची झळाळी : मुद्दल राखून व्याज

घसारा म्हणजे काय, हे व्यापारी कुटुंबांना समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. व्यवसायासाठी वापरावयाच्या मोटारीवर आयकराच्या हिशेबात साधारणपणे दरसाल १५ टक्के घसारा घटत्या मूल्यावर धरतात. म्हणजे १० लाखांची गाडी पाच वर्षांनी वहीत सुमारे ४ लाख ४४ हजारांची उरते. हा घसारा कागदावरचा असून तो थोपविणे कुणाच्या हाती नाही. परंतु गाडी विकावयाची वेळ येते तेव्हा ग्राहक आपली वही पाहत नाही. तो गाडीभोवती एक फेरी मारतो, बॉनेटवरून हात फिरवितो आणि मनातल्या मनात किंमत ठरवितो. हा दुसरा घसारा मात्र बराचसा आपल्या हाती असतो, आणि गाडी काळी असेल तर त्याचा विचार अधिक काळजीने करावा लागतो.

एके काळी काळा रंग हा मोटारीचा सर्वांत सोपा रंग होता. फोर्ड कंपनीची प्रसिद्ध ‘मॉडेल टी’ १९१४ ते १९२५ या काळात केवळ काळ्या रंगातच मिळत असे, कारण तो रंग स्वस्त आणि टिकाऊ होता. आज तोच रंग सर्वांत नाजूक समजला जातो. पांढरा पृष्ठभाग स्वतःच सर्व दिशांना प्रकाश परत फेकतो. त्यामुळे बारीक ओरखड्यावरून विखुरलेला प्रकाश त्यात मिसळून जातो. काळा पृष्ठभाग प्रकाश शोषून घेतो, म्हणून प्रत्येक ओरखडा त्यावर पांढऱ्या रेघेसारखा उठून दिसतो. रात्री पथदिव्याखाली काळ्या गाडीवर कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळे दिसतात, ती याच ओरखड्यांची. वास्तविक हे ओरखडे सर्व दिशांना गेलेले असतात. त्यांपैकी प्रकाशकिरणाला आडवे असलेले तेवढे चमकतात आणि दिव्याभोवती वर्तुळ असल्याचा भास होतो. दोष पांढऱ्या गाडीतही तितकाच असतो. काळी गाडी तो लपवीत नाही, एवढाच फरक.

आता या रंगाचे भांडवल किती, ते पाहू. पत्र्यावर गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, त्यावर काळा रंग आणि सर्वांत वर पारदर्शक थर, ज्याला ‘क्लिअर कोट’ म्हणतात, अशी ही रचना असते. सर्व थर मिळून जाडी साधारणतः १०० ते १४० मायक्रॉन. त्यांत क्लिअर कोट सुमारे ३५ ते ५०. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून हा थर किती पातळ आहे, ते ध्यानी येईल. चमक याच थराची असते, आणि सूर्याच्या अतिनील किरणांपासून खालच्या रंगाचे रक्षणही हाच करतो. हा थर म्हणजे आपले मुद्दल आणि चमक म्हणजे त्यावरील व्याज. गॅरेजमध्ये ज्याला ‘रबिंग’ म्हणतात, त्यात ओरखड्याच्या तळापर्यंत भोवतीचा थर घासून सपाट केला जातो; म्हणजे प्रत्येक वेळी मुद्दलातून काही मायक्रॉन काढले जातात. ही रक्कम परत भरता येत नाही.

आमच्या परिचयातील एका घाऊक कापड व्यापाऱ्यांची नऊ वर्षांची काळी सेडान अशीच निस्तेज झाली होती. एका गॅरेजने संपूर्ण गाडी पुन्हा रंगविण्याचा सल्ला दिला व खर्च सांगितला ७५ हजार रुपये. शेठजींनी आणखी एक निर्णय मनाशी घेतला होता. गाडी रोज पुसणाऱ्या मुलाला कामचुकार ठरवून त्याला कमी करण्याचा. गाडी उन्हात नेऊन नीट पाहिली, तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. टपाचा मध्यभाग, जिथे त्या मुलाचा हात पोहोचत नव्हता, तो जवळजवळ निर्मळ होता. बॉनेट, डिकी आणि दारे, जिथे फडके रोज फिरत होते, तिथेच जाळी पडली होती. मुलगा कामचुकार असता, तर गाडी अधिक चांगली राहिली असती! तो भल्या पहाटे येऊन, मालकांच्याच घरातून मिळालेल्या जुन्या बनियनच्या फडक्याने कोरडी धूळ नेमाने पुसत होता. रस्त्यावरच्या धुळीत वाळूचे कण असतात आणि ते क्लिअर कोटपेक्षा कठीण असतात. कोरडे पुसणे म्हणजे अत्यंत बारीक पॉलिशकागद फिरविणे होय. मुलाची नोकरी राहिली, हे सांगावयास नको.

पुन्हा रंगविण्याचा बेतही आम्ही सोडावयास सांगितला. कारखान्यात रंग सुमारे १४० अंश सेल्सिअस तापमानात भाजून पक्का केला जातो. तयार गाडीत प्लॅस्टिक, रबर व तारा असल्याने गॅरेजमध्ये एवढी उष्णता देता येत नाही. शिवाय सर्वांगाने रंगविलेली गाडी पाहून जाणता ग्राहक प्रथम अपघाताचीच शंका घेतो. मूळ रंग शाबूत असेल, तर तो राखण्यातच हित आहे. मात्र क्लिअर कोटचे पापुद्रे सुटू लागले असतील, तर पॉलिशचा उपयोग नाही. तेवढा भाग रंगविणे भाग पडते.

सुधारणेचा क्रम असा ठेवावा. गाडी सावलीत, पत्रा थंड असताना धुवावी. प्रथम नुसते पाणी ओतून धूळ वाहून जाऊ द्यावी. मग दोन बादल्या घ्याव्यात. एकीत मोटारीचा शांपू, दुसरीत साधे पाणी. मऊ हातमोजा शांपूत बुडवून वरून खाली, सरळ रेषेत फिरवावा आणि पुन्हा शांपूत घालण्यापूर्वी दर वेळी साध्या पाण्यात खळबळून घ्यावा. भांड्यांचा वा कपड्यांचा साबण वापरू नये. तो संरक्षक मेण धुऊन काढतो. बोअरवेलचे पाणी जड असेल, तर ते अंगावर वाळू देऊ नये, कारण क्षारांचे पांढरे ठिपके काळ्यावर विशेष उठतात. मायक्रोफायबरचे फडके घासण्याऐवजी पसरून व टिपून पाणी घ्यावे. आपल्या वाचकांसाठी येथे एक सूचना : गाडी पुसण्याची ‘शॅमी’ मूळची मेंढी-बकरीच्या कातड्याची असते. मायक्रोफायबर हा तिच्याहून उत्तम पर्याय होय.

धुतलेल्या अंगावर हाताला प्लॅस्टिकची पातळ पिशवी घालून बोटे फिरवावीत. खरखर जाणवली, तर रंगावर धातूचे वा डांबराचे सूक्ष्म कण रुतलेले आहेत. त्यासाठी ‘क्ले बार’ नावाची मातीसारखी वडी मिळते. शांपूचे पाणी शिंपडून ती हलक्या हाताने फिरवावी. खाली पडल्यास टाकून द्यावी.

यानंतर पॉलिश. नखाची परीक्षा सोपी आहे : ओरखड्यावरून नख फिरविताना ते अडकले, तर तो ओरखडा पॉलिशने काढण्याचा आग्रह धरू नये. उरलेल्या जाळीसाठी ‘ड्युअल ॲक्शन’ यंत्राने, सौम्य पॉलिशचा एकच हात पुरेसा असतो. केवळ गरगर फिरणारे रोटरी यंत्र अननुभवी हातात उष्णता वाढवून रंग जाळते, विशेषतः कडांवर. कारागिराला आधी रंगाची जाडी मोजावयास सांगावे; ८० मायक्रॉनच्या खाली आकडा आला, तर घासू देऊ नये. काम झाल्यावर एका कोपऱ्यात पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पाहावे. जाळी पुन्हा दिसू लागली, तर ती काढलेली नाही, तेलकट द्रव्याने केवळ भरली आहे, असे समजावे. ताळेबंद वरवर जुळविल्यासारखाच हा प्रकार.

शेवटी संरक्षण. कार्नोबा मेण हे ब्राझीलमधील एका ताडजातीच्या पानांवरून मिळते. त्याचे आवरण काही आठवडे ते दोन महिने टिकते. काही मेणांत मधमाश्यांचे मेणही मिसळलेले असते, तेव्हा वेष्टन वाचून घ्यावे. कृत्रिम ‘सीलंट’ याहून अधिक, म्हणजे काही महिने टिकते आणि आपल्या हवामानात सोयीचे ठरते. पावसाळ्यापूर्वी व दिवाळीपूर्वी असे वर्षातून दोनदा लावावे. सिरॅमिक कोटिंग वाईट नाही. त्यावर पाणी व मळ कमी टिकतो. पण ते २० हजार खर्चून करून घेतले, तरी कोरड्या फडक्याचे ओरखडे त्यावरही पडतातच. नऊ वर्षांच्या गाडीसाठी ही गुंतवणूक आम्हास किफायतशीर वाटत नाही.

शेठजींच्या गाडीचा जमाखर्च असा झाला : शांपू ४५० रुपये, फडकी ९००, हातमोजा २५०, क्ले बार ६००, सीलंट ८००, जादा बादली २००, एकूण ३,२००. यंत्राने एकदा पॉलिश करविण्याचे ४,५००. सर्व मिळून ७,७०० रुपये, म्हणजे रंगकामाच्या जवळपास दहाव्या हिश्शात काम झाले. गाव व दुकान यांनुसार दरांत फरक पडेल. दाराच्या मुठीजवळचे चार खोल ओरखडे तसेच आहेत. ते राहू द्यावेत, हेच ठरले.

पुढे सांभाळावयाच्या गोष्टी थोड्याच आहेत. पक्ष्याची विष्ठा दिसताच ओले फडके पाच मिनिटे तिच्यावर ठेवावे व ती अलगद उचलून घ्यावी. काळा पत्रा उन्हात लवकर तापतो आणि डाग खोल जातो. धूळ असलेल्या गाडीवर आच्छादन घालू नये. पेट्रोल पंपावर कुणी फडके घेऊन पुढे आल्यास नम्रपणे नको म्हणावे. आणि गाडी पुसणाऱ्यास रोज पुसावयास सांगण्याऐवजी आठवड्यातून एकदा धुवावयास सांगावे, धुण्याची रीत एकदा स्वतः उभे राहून दाखवावी आणि पगार तोच ठेवावा. काम कमी झाले म्हणून पैसे कापणारा मालक पुन्हा रोजच्या फडक्यालाच आमंत्रण देतो.