घरकुलाच्या खिडकीपुढील गिऱ्हाईक



घरकुल मंजूर झाले म्हणजे सरकारने उपकार केला, अशी भाषा अद्याप आपल्या वस्त्यांत ऐकू येते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी ज्यांनी लाचारी टाकली, त्यांच्या वारसांच्या तोंडी ती शोभत नाही. रमाई आवास योजना अनुसूचित जाती व नवबौद्ध यांच्यासाठीच आहे. बौद्ध झाल्याने सवलत जाते, असे कोणी सांगेल तर त्यास बौद्धांचा समावेश करणारा १९९० चा कायदा दाखवा.

बाजारात दुकानदार मापात मारू लागला की गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाते. घरकुलाच्या अर्जदारास शेजारचे दुकान नाही. शिरूरच्या खेडुताने शिरूर पंचायत समितीकडेच जावयाचे, दौंडच्याने दौंडकडे. पंतप्रधान आवास योजना (ग्रामीण) २०१६ साली आली, रमाई आवास त्यापूर्वीची. योजना दोन, परंतु खिडकी एकच. गिऱ्हाईक जाण्याची भीती नसेल तेथे कारभार सुस्तावतो. हा माणसांचा दोष कमी, रचनेचा अधिक.

दोन्ही तालुके एकाच पुणे जिल्हा परिषदेखाली येतात. अर्जास मंजुरी किती दिवसांत मिळाली, जोत्यानंतरचा हप्ता केव्हा जमा झाला, किती घरे छपराविना अडली, हे आकडे दोन्ही पंचायत समित्यांनी दर तिमाहीस शेजारी शेजारी लावावेत. लाजेची स्पर्धा हीदेखील स्पर्धाच होय. इंग्लंडमध्ये एप्रिल २०२३ पासून सामाजिक घरे देणाऱ्या संस्थांना भाडेकरूंचे समाधान मोजून प्रसिद्ध करावे लागते. आपण तर केवळ तारखा मागत आहोत!

बांधकामात मात्र निवड आपल्या हाती आहे, आणि तीच आपण गमावतो. पंतप्रधान आवासच्या नियमाप्रमाणे सरकारी खात्याने ठेकेदार नेमावयाचा नाही. घर लाभार्थ्याने स्वतः बांधावयाचे. तरीही गावातला एखादा ‘जाणकार’ पुढे होतो, पासबुक ठेवून घेतो, आणि पहिल्याच पावसात भिंत ओल धरते. पासबुक कोणाच्याही हवाली करू नका. चार कुटुंबांनी मिळून तीन गवंड्यांचे भाव मागवा. सिमेंट व सळई एकत्र घ्या. जोते, लिंटल, छप्पर असे काम पाहत मजुरी द्या.

१ जानेवारीस पेरणे येथील जयस्तंभाकडे आपण लाखोंनी जातो. ग्रामसभेत मात्र आपली माणसे दाराशी उभी राहतात, आणि नावे ठरतात ती आत. पुढील सभेत आत बसा. मागील वर्षीच्या घरकुलांचा हिशेब वाचून दाखविण्याची मागणी लेखी द्या, आणि तिची पोच घेतल्याखेरीज उठू नका.