किडा आणि त्याची चिठ्ठी

छंद म्हटला की आपल्याकडे पोस्टाची तिकिटे, नाहीतर जुनी नाणी. कुणी किडे जमवतो म्हणाला, तर घरची मंडळी आधी नाक मुरडतात आणि मग त्याची बरणी स्वयंपाकघरातून हलवतात! खानदेश मात्र या छंदाला मोठा सोयीचा. पहिला पाऊस झाला की तिन्हीसांजेला कडुनिंबा-बाभळीवर हुमणीचे भुंगेरे घोंगावतात. रुईच्या पानावर पट्टेरी अळी सापडते, लिंबाच्या पानावर पाखराच्या शिटेसारखी दिसणारी. दोघींचीही पुढे फुलपाखरे होतात. रात्री अंगणात पांढरी चादर टांगून दिवा लावावा, पाहुणे आपण होऊन येतात.

सामान थोडे लागते: जाळी, टाचण्या, घट्ट झाकणाची पेटी, डांबराच्या गोळ्या आणि प्रत्येक टाचणीला एक चिठ्ठी. चिठ्ठीवर गाव, तारीख, झाड आणि पकडणाऱ्याचे नाव. आम्हां मराठीच्या मास्तरांना या चिठ्ठीचे मोल सांगावे लागत नाही. धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरातल्यासारखी जुनी बाडे चाळणारा माणूस आधी शेवटचे पान उलटतो. तिथे शक आणि गाव मिळाले की त्याचे अर्धे काम झाले.

चिठ्ठी खोटी असली तर काय होते, याची गोष्ट आपल्याच मुलखातली आहे. तिचा नायक मात्र किडा नव्हे, पक्षी आहे. जेम्स डेव्हिडसन नावाचा गोरा अंमलदार १८८०च्या सुमारास पश्चिम खानदेशात होता. पुढे कारवारकडे बेल आणि एटकिन यांच्या जोडीने त्याने फुलपाखरांवर लिहिले. इथे मात्र पक्षी जमवले. त्यांत रानपिंगळा होता. १८८४ नंतर हा पिंगळा दिसेनासा झाला. फक्त कर्नल माइनर्ट्झहागन याच्या संग्रहातल्या एका नमुन्यावर चिठ्ठी होती: गुजरातेतील मांडवी, १९१४. तिने शोधणाऱ्यांची दिशाभूल केली. पॅमेला रासमुसेन या विदुषीने नमुना तपासला, तर तो डेव्हिडसनचाच, ब्रिटिश म्युझियममधून चोरलेला! ती खोटी चिठ्ठी बाजूला सारून, खऱ्या चिठ्ठ्यांवरची ठिकाणे धरून रासमुसेन आणि त्यांचे सोबती निघाले. नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात, रानपिंगळा जिवंत दिसला. मध्ये ११३ वर्षे गेली होती.

आता कित्येक फुलपाखरांना १९७२च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे, आणि यावल किंवा अनेरच्या अभयारण्यात जाळी फिरवता येत नाही. पण रस्त्याच्या दिव्याखाली सकाळी मरून पडलेले भुंगेरे पेटीपुरते पुष्कळ होतात. फुलपाखरांचे मोबाइलवर छायाचित्र घ्यावे. त्यालाही चिठ्ठी हवीच. कपाशीचे शेत, केळीची बाग, घरामागचा बांध यांवर आज काय उडते, हे तिथे राहणाऱ्यानेच लिहायचे. तेव्हा घरातल्या मुलाने या दिवाळीत किड्यांसाठी पेटी मागितली, तर जरूर द्या. सोबत एक वही द्या, आणि तारीख घालायला शिकवा.