डॉनला सीईओ म्हणू नका

सूट, हॅट, मागे संथ संगीत आणि वर एक ओळ: 'गरिबाचा पोरगा, गुन्हेगारीचा सीईओ.' लकी लुचियानोवरचे बहुतेक रील्स याच साच्यातले. ते बनवणाऱ्या पोरांनाच कशाला नावं ठेवायची? १९९८ साली खुद्द 'टाइम' मासिकानं शतकातल्या मोठ्या उद्योजकांच्या यादीत हेन्री फोर्डच्या पंगतीला त्याला बसवलं होतं.

माझा आक्षेप या पंगतीलाच आहे.

साल्वातोरे लुकानिया हे त्याचं मूळ नाव. जन्म १८९७ चा, सिसिलीतल्या लेर्कारा फ्रिद्दीचा. गंधकाच्या खाणींचं गाव. लहानपणीच घरच्यांसोबत न्यूयॉर्कला आला. १९२० मध्ये अमेरिकेत दारूबंदी आली आणि चोरट्या दारूत टोळ्या गब्बर झाल्या. १५ एप्रिल १९३१ ला लुचियानोचा बॉस जो मासेरिया हॉटेलात गोळ्या खाऊन मेला. १० सप्टेंबरला त्याचा प्रतिस्पर्धी मारान्झानोही संपला. मग टोळीप्रमुखांचं 'कमिशन' बनलं.

याला म्हणे 'मॅनेजमेंट'! दुकानदार महाग विकायला लागला तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं. इथे शेजारचं दुकान उरूच नये, यासाठी कमिशन होतं. इलाके वाटून घ्यायचे, भांडणं आपसात मिटवायची, म्हणजे वसुली बिनघोर. पिळल्या जाणाऱ्याला ना दुसरा पर्याय, ना पोलिसांकडे जायची सोय. ही खंडणीच. फक्त तिला वेळापत्रक लावलं होतं.

या 'कंपनी'चा ताळेबंद १९३६ मध्ये कोर्टात उघडला गेला. युनिस कार्टर या कृष्णवर्णीय महिला वकिलाच्या लक्षात आलं, की वेश्याव्यवसायात पकडलेल्या वेगवेगळ्या बायकांच्या खटल्यांत वकील तेच, जामीनदारही तेच. धागा वरपर्यंत गेला. त्या बायकांनी साक्षी दिल्या. लुचियानोला ३० ते ५० वर्षांची शिक्षा झाली. काहींनी पुढे साक्ष फिरवली, तरी अपील फेटाळलं गेलं. रीलमध्ये या बायका कुठे दिसतात?

'परिस्थितीच तशी होती' हा युक्तिवाद ठरलेला. गरिबी खरी होती, इटालियनांचा द्वेषही खरा होता. पण त्याच वस्त्यांतून लाखो इटालियन बांधकामावर आणि कपड्यांच्या कारखान्यांत राबले, आणि खंडणीखोरांनी आधी लुटलं ते या आपल्याच माणसांना.

जो पेट्रोसिनोही इटलीतच जन्मलेला. न्यूयॉर्क पोलिसांत इटालियन पथकाचा प्रमुख झाला. खंडणीखोरांचा माग काढत पालेर्मोला गेला आणि १२ मार्च १९०९ ला तिथे मारला गेला. परिस्थिती जवळपास तीच, वाट वेगळी. त्याचे किती रील्स पाहिलेत?

लुचियानोला पुरती शिक्षाही भोगावी लागली नाही. युद्धात नौदलाला मदत केली म्हणून १९४६ मध्ये त्याला सोडून इटलीला धाडलं. सोडणारा गव्हर्नर थॉमस ड्यूई, म्हणजे ज्यानं त्याला आत टाकलं तोच सरकारी वकील. १९६२ मध्ये नेपल्सच्या विमानतळावर तो हृदयविकारानं मेला. न्यायानं सूट दिली ती दिली, निदान आपण तरी लाइक देऊ नये.

डॉनची गोष्ट जरूर बघा. फक्त पैसा कुणाच्या खिशातून आला, हे विचारल्याशिवाय टाळ्या वाजवू नका.