गुन्ह्याचे कारण शोधणे म्हणजे गुन्हेगाराला सोडणे नव्हे

मे २०२४ च्या सुरुवातीला गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली तालुक्यात, बारसेवाडा गावी, जादूटोण्याच्या संशयावरून एका महिलेला आणि एका पुरुषाला मारहाण करून जिवंत जाळण्यात आले. पोलिसांनी १५ जणांना अटक केली. त्याआधी ऑगस्ट २०२१ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील जिवती तालुक्यात, वणी खुर्द येथे, दलित कुटुंबांतील स्त्री-पुरुषांना भानामती केल्याचा आरोप ठेवून भर चौकात बांधून मारले गेले. त्यात वृद्ध स्त्रियाही होत्या.

या घटनांवर चंद्रपुरात मी दोन प्रकारची मते ऐकली. एक, "जंगलातली माणसं, रानटीच असणार." दुसरे, "अडाणी, गरीब लोक आहेत, त्यांचा काय दोष?" मला दोन्ही मान्य नाहीत. पहिल्या मतात कारणच नाही, फक्त शिवी आहे. दुसऱ्यात माणसाची जबाबदारीच पुसून टाकली आहे.

मारणारे आणि मार खाणारे वर्षानुवर्षे एकाच गावात राहत होते. मग एका दिवशी असे काय घडते? बहुतेक वेळा त्याआधी घरात कोणी आजारी पडलेले असते किंवा मेलेले असते. मानववंशशास्त्रज्ञ इव्हान्स-प्रिचर्ड यांनी १९३७ साली आफ्रिकेतील आझांदे लोकांवर पुस्तक लिहिले. धान्याचे कोठार वाळवी लागून कोसळते, हे त्या लोकांना पक्के ठाऊक होते. त्यांचा प्रश्न वेगळा होता : नेमके याच वेळी, याच माणसाच्या अंगावर ते का पडले? करणी हे त्या प्रश्नाचे उत्तर होते. ताप सगळ्या गावाला आला, मग माझेच मूल का गेले, हा आपल्याकडच्या आईबापाचाही प्रश्न आहे. डॉक्टर वेळेवर पोहोचला नाही, तर उत्तर द्यायला मांत्रिक पोहोचतो.

दुसरी गोष्ट जमावाची. एकटा माणूस जे करायला धजणार नाही, ते तो पन्नास जणांत करतो, कारण तिथे जबाबदारी वाटली जाते. शिवाय जो "थांबा" म्हणेल, त्याच्यावरच उद्या संशय येऊ शकतो. म्हणून मनातून न पटणाराही गप्प उभा राहतो. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ सदरलँड यांचे म्हणणे होते की गुन्हा माणूस जवळच्या लोकांत शिकतो, आणि कृतीबरोबर तिचे समर्थनही शिकतो. जमावाच्या लेखी तो गुन्हा करत नसतो, गाव वाचवत असतो.

तिसरी गोष्ट, बळी कोण ठरतो? सहसा विधवा, म्हातारी, भूमिहीन, दलित, ज्याच्यामागे कोणी नाही असा माणूस. कधी जमिनीचा जुना वादही आत दडलेला असतो. सरपंचाने किंवा सावकाराने करणी केली म्हणून त्याला खांबाला बांधल्याचे मी तरी ऐकलेले नाही. भीती सगळ्यांची असते, पण तिची किंमत सर्वांत दुबळ्याने मोजायची असते.

इथे आपल्या समाजाशी थेट संबंध येतो. १८७६ साली इटलीच्या लोंब्रोसोने 'जन्मजात गुन्हेगार' ही कल्पना मांडली. त्याच्याही आधी, १८७१ मध्ये, इंग्रजांनी कायदा करून संपूर्ण जमातींवर गुन्हेगार असा शिक्का मारला होता. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, तरी गावात चोरी झाली की पारध्यांच्या पालावर पहिली नजर जाते. एका माणसाच्या गुन्ह्यासाठी सगळ्या कौमकडे बोट दाखवले जाते तेव्हा काय वाटते, हे मुसलमानांना कोणी शिकवायला नको. मग आपणच माडिया-गोंडांना सरसकट रानटी कसे म्हणायचे? जन्मात गुन्हा शोधणारा आणि म्हातारीत करणी शोधणारा, दोघेही कारण न शोधताच गुन्हेगार ठरवून मोकळे होतात.

याचा अर्थ शिक्षा नको असा नाही. त्याच गरिबीत, त्याच भीतीत जगणाऱ्या कितीतरी लोकांनी हात उचलला नाही, हे विसरता येणार नाही. खून हा खूनच आहे. राज्यात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. त्यात सहा महिने ते सात वर्षे कैद आणि पाच ते पन्नास हजार रुपये दंड आहे. तो वापरलाच पाहिजे. पण शिक्षा घटनेनंतर येते. जीव वाचवायचा असेल तर आधी पोहोचावे लागेल.

ते शक्य आहे. गडचिरोलीतच डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत गावच्याच स्त्रियांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार तिथला नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. ज्या गावात बाळाच्या आजाराला नाव आहे आणि उपचार करणारी बाई शेजारी आहे, तिथे करणीवाली शोधण्याची गरजही कमी होईल, असे मला वाटते.

आणि हे फक्त जंगलातले दुखणे नाही. "किसीने कुछ करवाया है" हे वाक्य आपल्या मोहल्ल्यांतही ऐकू येते. संशय बहुधा सुनेवर नाहीतर भावजयीवर जातो, आणि आमिलचा धंदा चालतो. म्हणून मशीद कमिट्या, महिला मंडळे आणि तरुणांना माझे तीन गोष्टींचे आवाहन आहे. आजारी माणूस आधी दवाखान्यात न्या. करणीवरून बैठक बसणार असे कळताच पोलिसांना कळवा, मारहाण होण्याची वाट पाहू नका. आणि ज्याच्यावर संशय घेतला जातोय, त्याच्या घरी पहिल्याच दिवशी चार माणसे जाऊन बसा. कोणी पाठीशी आहे हे दिसले, तर जमावही दहा वेळा विचार करेल.