डिस्चार्ज कार्डाचा वाचक कोण?

आम्ही मराठीचे अध्यापक. वैद्यकशास्त्रात आम्हांला गती नाही, हे आधीच कबूल करतो. तरीही रुग्णालयातून निघताना रुग्णाच्या हाती पडणाऱ्या डिस्चार्ज कार्डाविषयी बोलणे आम्हांला भाग आहे. कारण ती एक संहिता आहे, आणि ज्याने ती आचरणात आणायची त्या वाचकालाच तिने वगळले आहे.

आमच्यापैकी एकाचे वडील असेच घरी आले. कार्डावर रक्तदाबाची गोळी होती. घरच्या डब्यात तेच औषध दुसऱ्या कंपनीच्या नावाने पडून होते. जुनी गोळी बंद करा, असे कार्डात कुठेही नव्हते. चार दिवस त्यांनी दोन्ही घेतल्या. पाचव्या पहाटे ते न्हाणीघरात कोसळले. सुदैवाने वाचले. ते कार्ड वाचणारा मुलगा पीएच.डी. आहे, हे येथे नमूद करायला हवे.

बीडी, टीडीएस, एचएस ही लॅटिन शब्दांची आद्याक्षरे. एचएस म्हणजे निजतेवेळी. परिचारिका औषध देते तोवर ही परिभाषा खपते. रुग्णालयाचा उंबरठा ओलांडताच परिचारिकेचे काम घरातल्या सुनेवर येते. परिभाषा मात्र तीच राहते.

पुढच्या डॉक्टरांसाठी इंग्रजी कार्ड लागते, असे सांगितले जाते. लागते, ते अवश्य द्यावे. आमची मागणी त्यासोबत मराठीतल्या एका पानाची आहे: कोणती औषधे चालू, कोणती बंद, कोणती नवी, काय झाले तर ताबडतोब परत यायचे, कोणाला फोन करायचा. आणि निघण्यापूर्वी घरच्यांनी ते स्वतःच्या शब्दांत परत सांगावे. वेळ नाही, ही सबब आम्हांला पटत नाही. बिलातली प्रत्येक ओळ समजावून द्यायला वेळ असतोच.

महाराष्ट्रात २०२१ साली शुश्रूषागृह नोंदणीच्या नियमांत दुरुस्ती होऊन रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे बंधनकारक झाले. भिंतीवर हक्क आले. हातातला कागद मुका राहिला.

मात्र दोष एकट्या डॉक्टरांचा नाही. वाचककेंद्री समीक्षेवर आम्ही प्रबंध लिहिले. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा परिसंवाद भरवले. आजारी माणसाला कळेल असे एक पान लिहायला मात्र आमचा एकही विभाग पुढे आला नाही. उद्या कोणी बोलावलेच, तर 'आहारपूर्व सेवन' असे लिहून मोकळे होणारेही आम्हीच. 'जेवणाआधी' हा शब्द आम्हांला पुरेसा अभिजात वाटत नाही.

म्हणून सुरुवात स्वतःपासून करू. आपल्या गावातल्या एका रुग्णालयात जावे, डॉक्टरांशेजारी बसावे आणि ते पान लिहावे. औषध देणाऱ्या आजीला ते कळले, तरच आपल्याला मराठी येते असे समजावे.